चोपड्याकडची रानफुलांची नर्सरी: नुसत्या मातीच्या पिशव्या विकत घ्याव्यात का?

घ्याव्यात, हे आधीच सांगून टाकते; त्या मातीत झाडांचे निजलेले गड्डे असतात. फक्त आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर आणि मिरग लागायच्या आत घ्याव्यात, आणि घरी आणल्यावर तिथल्या आई सांगतात तसंच करावं. या नर्सरीबद्दल मला भिशीत, भाजीबाजारात, लग्नाच्या पंगतीत विचारणा होते, म्हणून जे पाहिलं आणि जे लावलं ते सगळं इथं लिहिते आहे.

जागा अशी. अमळनेरहून चोपड्याला जाताना तापीचा पूल ओलांडायचा, चोपडा गाव मागं टाकायचं आणि सातपुड्याच्या अंगाला वळायचं. केळीचे मळे संपत येतात, काळी जमीन विरळ होऊन मुरमाड लागते, तिथं बांधाच्या आत हिरव्या जाळीचं छप्पर दिसतं. तीच नर्सरी. पाटी नाही, नावही नाही. आजूबाजूला ‘आईंचा मळा’ म्हटलं की लोक रस्ता दाखवतात. आई सत्तरीच्या असतील, अहिराणीच बोलतात. हिशेब, पिशव्या भरणं, गाडीत नीट ठेवून देणं हे त्यांचा मुलगा बघतो. त्याला सगळे दादा म्हणतात.

इथं गुलाब, जास्वंद, क्रोटन मिळत नाहीत. मिळतात ती रानातली, एकदा लावली की दरवर्षी आपणहून उगवणारी आणि हळूहळू पसरत जाणारी झाडं. पेव, रानहळद, कळलावी, जलपिंपळी, ब्राह्मी, उंदीरकानी, विष्णुक्रांता, काटेकोरांटी, शतावरी, सफेद मुसळी. यातली बरीचशी आपण लहानपणापासून बांधावर, नाल्याच्या काठाला, सातपुड्यातल्या मनुदेवीच्या वाटेवर पाहिलेली असतात. विकत घ्यायची कधी डोक्यात येत नाही, आणि घ्यायची म्हटली तर शहरातल्या नर्सरीत नाव सांगितल्यावर समोरचा माणूस आपल्याकडं बघत राहतो.

मला ती हवी होती त्याचं कारण आपलं ऊन. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळ, अमळनेर या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. हंगामी फुलांची कुंडी मार्चअखेर तगली तरी खूप. वरून पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो. खाली भारी काळी जमीन. पावसात ती फुगते, चिकटते, पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजवते. उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक मुळं तुटून जातात. सातपुड्याच्या उतारावरच्या या झाडांनी अशा हवेत जगायची रीत बसवलेली आहे. पावसाबरोबर वर यायचं, फुलायचं, थंडीत पानं पिवळी करून टाकून द्यायची आणि उन्हाळाभर जमिनीखाली कंद किंवा गड्डा होऊन पडून राहायचं. माझ्या घरामागं लांबट पट्टी आहे. एका टोकाला कडुनिंब, दुसऱ्या टोकाला पिण्याच्या पाण्याचा रांजण, मधे सगळी काळी माती. या पट्टीत दरवर्षी नव्यानं बी पेरत बसायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा थंडी सरत आली होती. जाळीखाली ओळीनं पिशव्या मांडलेल्या आणि प्रत्येकीत नुसती कोरडी माती. पेवाच्या एकाही पिशवीवर पान नाही. मी पेव मागितला तर आई म्हणाल्या, “ताई, आते नका लई जा. निजेल शे ते.” (आता नेऊ नका, ते झोपलेलं आहे.) मी म्हटलं, द्या तरी, मी पाणी घालत जाईन. त्यावर त्या आणखीच ठाम झाल्या. “पानी घालशात म्हनीसनच देत नही.”

मग दादांनी उलगडून सांगितलं. पान नसलेला गड्डा पाणी ओढत नाही. वर पान असेल तर पाणी चढतं आणि उडून जातं. पान नसताना घातलेलं पाणी गड्ड्याभोवतीच थांबतं. माती तापलेली आणि ओली, दोन्ही एकदम झाली की आठवडाभरात गड्डा आतून मऊ पडतो. घरी नेलेली कोरडी पिशवी बघून कुणालाही रोज तांब्याभर पाणी ओतायचा मोह होतो, आणि मग पावसाळ्यात काही उगवत नाही. म्हणून डिसेंबर ते आखाजी या काळात ते गड्ड्याची झाडं विकतच नाहीत. हातात पैसे घेऊन, तासाभराची वाट करून आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणारं दुकान मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. त्याच दिवशी माझा या लोकांवर विश्वास बसला.

आखाजीनंतर गेले तेव्हाची खरेदी बघण्यासारखी होती. आई पिशवी आडवी करतात, तळाशी दोन थापा मारतात आणि मातीचा गोळा अलगद बाहेर काढतात. बोटांनी माती सारून गड्डा दाखवतात. त्यावर डोळे कुठं आहेत, किती आहेत, ते मोजून देतात. मग अंगठ्यानं दाबून बघायला सांगतात. टणक लागला तर जिवंत, दबला तर गेला. शंका वाटली तर नखानं जरासं खरवडायचं. आत ओलसर फिकट दिसलं पाहिजे, तपकिरी आणि वासाचं असेल तर बाजूला. माझ्या पिशव्यांपैकी दोन अशा निघाल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी त्या खतखड्ड्याकडं फेकल्या आणि दुसऱ्या आणल्या. गड्ड्याचं कुठलंही झाड कुठूनही घेताना ही दाबून बघायची परीक्षा करा. पिशवीवर लावलेल्या फुलाच्या रंगीत फोटोवर जाऊ नका.

आता पेवाबद्दल जरा सविस्तर, कारण माझ्या परसातलं आजचं सगळ्यात देखणं झाड तेच आहे. पेवाची पानं खोडाभोवती चक्राकार जिना चढत जावा तशी लागतात. पुरुषभर उंच होतो. पावसाच्या मध्यावर शेंड्याला लालसर कणीस येतं आणि त्यातून पांढरी, चुरगळलेल्या मलमलीच्या पोताची फुलं एकेक-दोनदोन करून उमलतात. माझ्याकडं श्रावणात, कानबाईच्या रोटांच्या सुमाराला पहिलं फूल आलं. सावली आणि ओल त्याला मानवते, म्हणून मी कडुनिंबाखाली, जिथं दुपारनंतर ऊन नाही तिथं लावला.

लावायची पद्धत आईंनी सांगितली ती अशी. काळ्या मातीत थेट खड्डा करायचा नाही. जमिनीवर वीतभर उंच वाफा बांधायचा. त्यात निम्मी आपली माती, बाकी मुरूम, चाळलेली वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत. गड्डा मोठा असेल तर धारदार सुरीनं कापायचा, पण प्रत्येक तुकड्यावर किमान एक ठसठशीत डोळा हवाच. कापलेल्या जागी चुलीतली राख चोळायची आणि तुकडे एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यायचे, म्हणजे जखमेवर साल धरते आणि बुरशी शिरत नाही. मग डोळा वर करून चार बोटं खोल, हात-हात अंतरावर. लावल्यावर एकदाच पाणी. नंतर केळीची वाळलेली पानं अंथरून पावसाची वाट बघायची. पानांच्या आच्छादनाखाली भेगा पडत नाहीत, आणि ती पानं आपल्याकडं फुकट मिळतात. वाफा उंच ठेवल्यानं जुलैच्या झडीत पाणी साचलं नाही. शेजारच्या सपाट वाफ्यातली अळूसुद्धा त्या वेळी पिवळी पडली होती.

पसरणाऱ्या झाडाला आवर घालायची त्यांची सोय मला फार आवडली. पेवाचं मुळकांड जमिनीत वरच्या थरातच आडवं पळतं. म्हणून दादा १५ किलोच्या तेलाच्या डब्याचं झाकण आणि तळ कापून नुसती चौकोनी भिंत करतात. ती जमिनीत पुरायची, काठ दोन बोटं वर ठेवायचा आणि मधे गड्डा लावायचा. मुळकांड डब्याच्या आतच भरत जातं. असा कापलेला डबा ते २० रुपयांना देतात. सल्ला उत्तम आहे, पण डब्याबाबत माझं मत वेगळं आहे. आमच्या काळ्या मातीनं पावसात फुगून डब्याच्या बाजू आत दाबल्या आणि कडांना लगेच गंज धरला. मी आता रंगाच्या २० लिटरच्या प्लॅस्टिक बादल्या तळ कापून वापरते. त्या दबत नाहीत आणि रंगकाम करणाऱ्याकडं सहज मिळतात. दादांना सांगितलं तर त्यांनी मान्य केलं. मुरमाड जमिनीत डबा बरा टिकतो, हेही त्यांनी सांगितलं, आणि ते खरं असणार.

जलपिंपळी ही अगदी वेगळ्या जातीची पसरणारी. तापी, बोरी या नद्यांच्या काठाला ओल्या जागी ती आपोआप वाढलेली असते. जमिनीला चिकटून पळते, आणि जिथं जिथं पेर जमिनीला टेकतं तिथं तिथं मुळं सोडते. फुलं बारीक, पांढरट-जांभळट, छोट्या बोंडाभोवती गोल कड्यासारखी लागतात. दिसायला साधी, पण सकाळी मधमाश्यांची नुसती रीघ असते. लॉन म्हणून गवत लावून त्याला उन्हाळाभर पाणी पाजण्यापेक्षा ही कितीतरी चांगली, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही गड्ड्याची नसल्यामुळं तिची वेळ निराळी. ती आषाढ-श्रावणात न्यायची. दादा आदल्या दिवशी वाफ्याला पाणी देतात, दुसऱ्या दिवशी खुरपं तिरपं घालून मुळांभोवतीच्या मातीच्या हुंडीसह (गोळ्यासह) फूटभर लांबीची पट्टी उचलतात आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून देतात. घरी येऊन संध्याकाळी लावायची, ढगाळ दिवस असेल तर उत्तम. हुंडी फुटू द्यायची नाही. लावल्यावर तळहातानं दाबून बसवायची, म्हणजे खाली पोकळी राहत नाही. आणि जी लांब पळालेली टोकं मोकळी असतात, त्यांच्या पेरावर लहानसा दगड ठेवायचा. तिथं मुळं धरली की मधली दोरी कापायची; दोन झाडं झाली. हेच ब्राह्मीला लागू. ब्राह्मी मी रांजणाखाली लावली, जिथं थेंबथेंब गळून माती कायम ओली असते. ती आता रांजणाच्या कट्ट्याला लगटून बसली आहे आणि तिला वेगळं पाणी घालावं लागत नाही.

उंदीरकानीचा उल्लेख केलाच पाहिजे, कारण भारी काळ्या मातीत काहीही न मिसळता वाढलेली माझ्याकडची ती एकटीच. पानं छोटी, गोलसर, फुलं पिवळी, आणि पाऊस सरता सरता फुलायला लागते. कुंपणाच्या कडेला दगडधोंड्यांत टाकली होती. उन्हाळ्यात विरळ होते, पण पेरापेरावर मुळं असल्यामुळं कुठलं तरी पेर जगतंच.

विष्णुक्रांता मात्र हलवून चालत नाही. तिचं मूळ खोल आणि चिवट जातं, ते तुटलं की झाड बसलंच म्हणून समजा. म्हणून आई ती बियांपासून छोट्या पिशव्यांत करतात आणि बोटभर असतानाच विकतात. पिशवी फाडायची, मातीला हात न लावता अख्खा गोळा खड्ड्यात सोडायचा. तिची निळी फुलं सकाळी उघडतात आणि दुपार कलायच्या आत मिटतात, त्यामुळं कामावर जाणाऱ्यांनी ती पुढच्या दारी, सकाळी निघताना दिसेल अशा जागी लावावी. जागा मुरमाड, उन्हाची, पाणी न साचणारी.

कळलावी घ्यायची म्हटली तर आई आधी एक प्रश्न विचारतात. “घरमा धाकलं पोर शे का?” मलाही विचारलं. माझा नातू तेव्हा रांगत होता, हे सांगितल्यावर त्यांनी त्या साली कंद दिला नाही. तो कळता झाल्यावर दिला, तोही लावायची जागा विचारून घेऊन. झाड नखशिखांत विषारी आहे, कंद तर सर्वांत जास्त. त्यातलं कोल्चिसिन हे द्रव्य गाऊटवरच्या औषधात वापरतात, पण कंद पोटात गेला तर माणूस दगावू शकतो. लावताना हातमोजे घाला, गुरं-शेळ्या जिथं तोंड घालतील तिथं लावू नका, आणि उरलेला कंद स्वयंपाकघराच्या आसपाससुद्धा ठेवू नका. रताळ्याशी, कोनफळाशी गल्लत व्हायला वेळ लागत नाही.

एवढी काळजी घेऊन लावाल तर तिच्यासारखं फूल नाही. पाकळ्या मागं वळून वर उभ्या राहतात. आधी हिरवट, मग बुडाशी पिवळ्या आणि वर लाल, शेवटी सगळ्या लाल. तमिळनाडूनं आपलं राज्यफूल म्हणून हिचीच निवड केली आहे. कंद नांगराच्या आकाराचा, दोन टोकांचा असतो, आणि कोंब फक्त टोकालाच असतो. कंद ठिसूळ असल्यामुळं टोक मोडलं की तो तुकडा पुन्हा फुटत नाही. म्हणून दादा कळलावीचा कंद पिशवीत न ठेवता भुशानं भरलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात देतात. आडवा ठेवून तीन-चार बोटं मातीखाली लावायचा. ही वेल पानांच्या टोकांनी आधार पकडते, आणि ती टोकं फार बारीक असतात. जाड बांबूला त्यांचा विळखा बसत नाही. आईंनी सांगितलं कपाशीच्या पऱ्हाट्या रोवा. रोवल्या. पऱ्हाट्यांच्या बारीक फांद्यांना धरून ती खांद्यापर्यंत चढली आणि भाद्रपदात फुलली. थंडी लागली की वरचं सगळं वाळून जातं. तेव्हा वाळलेलं खोड ओढून काढायचं नाही, कारण खाली नवे कंद त्याच टोकाशी तयार झालेले असतात. जमिनीलगत कापा आणि जागेवर खूण म्हणून दगड ठेवा. खूण नसली तर उन्हाळ्यात कुणी तरी तिथंच कुदळ मारतं.

आता जिथं फसगत झाली ते. रानहळदीच्या म्हणून आणलेल्या पिशव्यांपैकी एकीतून आमच्या जेवणातली नेहमीची हळद उगवली. पान चुरगळलं तेव्हा वासावरूनच संशय आला, खणून कापून पाहिलं तर आत गर्द केशरी-पिवळं. रानहळदीचा माझ्याकडचा गड्डा आतून फिका आहे, आणि तिच्या कणसाच्या शेंड्याला गुलाबी-जांभळी पाती येतात, त्यासाठीच तर ती लावायची. दादांना फोन केला, लागला नाही. पुढच्या खेपेला पान दाखवलं. त्यांनी लगेच ओळखलं, बदली पिशवी दिली आणि दुसरी वर दिली. पण ही गल्लत टाळता येण्यासारखी होती. पिशव्यांवर नावं खडूनं लिहिलेली असतात, एका सरीत पुसून जातात. विक्रीच्या मोसमात पान नसलेल्या पिशव्या ओळखायला दुसरं काही साधन नसतं. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्यानं नाव कोरून खोचलं तर हा प्रश्न कायमचा मिटेल. मी हे सांगितलं आहे, अजून केलेलं दिसलं नाही.

बाकी तक्रारी अशा. फोन सहसा उचलत नाहीत, मळ्यात रेंजच नीट नाही, त्यामुळं क्यूआर कोड लावलेला असूनही पैसे रोख घेऊन जा. शेवटचा रस्ता पावसात चिखलाचा असतो, मोठी गाडी घालू नका. सावलीला जाळी आहे पण बसायला काही नाही, वयस्कर माणूस बरोबर असेल तर घडीची खुर्ची घ्या. कुरिअरनं पाठवत नाहीत. हे शेवटचं मला तक्रार वाटत नाही, कारण पेवाची हुंडी कुरिअरच्या खोक्यात फुटणारच. पण पुण्या-मुंबईचे लोक विचारतात म्हणून लिहिलं. बाजाराच्या दिवशी दादा नसतात, आई एकट्या असतात आणि त्या हिशेब करत नाहीत.

दर मी गेले होते तेव्हाचे देते. पेव ५० रुपये पिशवी, रानहळद ४०, जलपिंपळीची फूटभर पट्टी ३०, ब्राह्मी २०, उंदीरकानी २०, विष्णुक्रांता २५, काटेकोरांटी ३०. कळलावीचा कंद १५०. कळलावी महाग आहे हे खरं, पण बियांपासून फुलापर्यंत यायला तिला काही वर्षं लागतात, आणि हे लोक जंगलातून उपटून आणत नाहीत. मुद्दाम बघायला गेले. जाळीच्या मागं मूळ वाफे आहेत, त्यात जुनी झाडं वर्षानुवर्षं ठेवलेली, त्यांचेच गड्डे फोडून पिशव्या भरतात. सातपुड्यातली सफेद मुसळी उपसून उपसून रानात दुर्मीळ होत गेली, हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. आई मुसळीचे कंद औषधाला म्हणून कुणालाही विकत नाहीत. लावायला हवी असेल तर कोंबासहित झुबका देतात. कुणी पन्नास झुबके मागितले की त्यांना कळतं.

एक गोष्ट इथं मिळणार नाही, आणि ती मिळत नाही याचं मला समाधान आहे. पिवळ्या फुलांची, चकचकीत पानांची वेडेलिया. रस्त्यांच्या दुभाजकांत, बंगल्यांच्या उतारांवर सगळीकडं तीच दिसते, आणि शहरातल्या एका नर्सरीत मला ‘काहीही न करता पसरते’ म्हणून तीच पुढं केली होती. पसरते हे अगदी खरं. ती अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जीवजातींच्या यादीत तिचं नाव आहे, त्याच यादीत आपल्याकडं माजलेली टणटणीही (घाणेरी) आहे. सातपुड्याच्या कडेला टणटणीनं रान कसं गिळलं ते ज्यानं पाहिलं असेल त्यानं वेडेलिया नाल्याच्या, ओढ्याच्या जवळ लावू नये. परसातून उपटून बाहेर टाकलेला एक तुकडाही ओल मिळाली की रुजतो. पिवळी फुलं आणि पसरणं हवं असेल तर उंदीरकानी घ्या, २० रुपयांत काम होतं. पेव, जलपिंपळीही पसरतात, पण आपल्या उन्हाळ्यात त्या दर साली मागं हटतात, आणि डबा, फरशी, खुरपं यांनी आवरतात.

हे सगळं कुणासाठी योग्य? ज्याला जूनमध्ये लावून जुलैत फुललेली बाग हवी आहे त्यानं जाऊ नये. पहिल्या पावसाळ्यात पेव गुडघ्यापर्यंत आला तरी चांगलं म्हणायचं, कळलावीला पहिल्या वर्षी फूल आलं तर नशीब. दुसऱ्या पावसाळ्यापासून मजा सुरू होते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी पेव आणि ब्राह्मी रुंद कुंडीत लावावी, जमते. विष्णुक्रांतेला उथळ कुंडी चालत नाही.

आणि झाडं फार वाढली तर काय, याचं उत्तरही याच नर्सरीत आहे. आई जास्तीचे गड्डे परत घेतात. आखाजीनंतर वाफा उकरून पेवाचा झुबका काढायचा, मधला जुना भाग फेकून बाहेरचे ताजे तुकडे ठेवायचे आणि ते मातीसकट वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे. पेवाच्या दोन चांगल्या तुकड्यांना विष्णुक्रांतेची एक पिशवी, चार तुकड्यांना काटेकोरांटी आणि वर ब्राह्मी, असा आमचा व्यवहार चालतो. रोख पैसे देत नाहीत. काटेकोरांटी, शतावरी मी अशाच बदल्यात मिळवली. न्यायच्या आधी माती बोटांनी नीट चाळून घ्या, कारण आई पुडकं सोडून बघतात, आणि त्यात हरळीची एक मुळी किंवा लव्हाळ्याची एक गाठ दिसली तर सगळं पुडकं बांधाबाहेरूनच परत पाठवतात.